बाबांचे कान आणि माझं एक वाक्य

"मी संपूर्ण सेवेत एकदाही आजारी असल्याची तक्रार केली नाही, आणि निवृत्तीच्या वर्षापर्यंत मला कानाचा कसलाही त्रास नव्हता."

बाबांच्या अपिलातलं हे वाक्य मी लिहिलं होतं. इंग्रजीत लिहिलं होतं, आणि मला ते फार आवडलं होतं. इंदूरजवळच्या राऊच्या ज्या कॉलेजात मी ऑफिसात काम करते तिथे सुटी झाल्यावर थांबून मी ते अपील टाइप केलं, दोनदा तपासलं आणि बाबांची सही घेऊन रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलं.

बाबा तोफखान्यात होते. हवालदार म्हणून घरी आले. फौजेतून सुटताना डॉक्टरांचं एक मंडळ प्रत्येकाला तपासतं. बाबांच्या कागदावर त्या मंडळाने लिहिलं की दोन्ही कानांनी ऐकू कमी येतं आणि हे आयुष्यभर राहील. त्याखाली लिहिलं की याचा सेवेशी संबंध नाही. सेवेमुळे अपंगत्व आलं असं मान्य झालं तर पेन्शनमध्ये त्याचा वेगळा भाग जोडला जातो. संबंध नाही म्हटलं की काही नाही. बाबांना पैसे नको होते असं मी म्हणणार नाही, घरात दोन लग्नं व्हायची होती. पण त्यांना झोंबली ती खालची ओळ.

"वीस-बावीस वर्षं तोफेपाशी उभा होतो," ते म्हणायचे. "मग कान काय सोयाबीनच्या शेतात गेले?"

आमचं गाव सांवेर तहसिलीत. पणजोबांच्या आधीपासून घरातला एक तरी माणूस फौजेत, आधी संस्थानच्या, मग देशाच्या. पदवीपर्यंत मात्र घरातली मीच पहिली पोहोचले. घरी मराठी, शाळा सरकारी, हिंदी माध्यमाची. इंग्रजी मला एका शिक्षिकेने शाळा सुटल्यावर रोज तासभर बसवून शिकवलं, त्याचं काही घेतलं नाही. तेव्हापासून घरातला प्रत्येक कागद माझ्याकडे येतो. शेताचं नामांतरण असो की गॅसचं पुस्तक, "ताईला दाखव" हे ठरलेलं. त्यामुळे अपीलही मीच लिहिणार होते. वकिलाकडे जायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

ते वाक्य मी का लिहिलं, याचा मी नंतर खूप विचार केला. एक तर मला वाटलं, माणूस आधी ठणठणीत होता हे दाखवलं की बिघाड फौजेत झाला हे आपोआप सिद्ध होतं. दुसरं असं की आमच्या घरात फौजी माणसाचं कौतुक एकाच प्रकारे करतात: कधी आजारी पडला नाही. आजोबांबद्दल तेच सांगतात, त्यांच्या काकांबद्दलही तेच. मी तेच कौतुक इंग्रजीत करून पाठवलं.

सात-आठ महिन्यांनी उत्तर आलं. अपील नामंजूर. कारणांमध्ये माझं वाक्य जसंच्या तसं उतरवलं होतं. अपीलकर्ता स्वतःच म्हणतो की त्याला सेवेत त्रास नव्हता, सबब हा आजार वयाचा आणि शरीराचा आहे. मी ते राऊहून येताना बसमध्ये वाचलं, कारण पत्र मी कॉलेजच्या पत्त्यावर मागवलं होतं. घरी मी एवढंच सांगितलं की नामंजूर झालं. कारण सांगायला मला दोन दिवस लागले. सांगितलं तेव्हा बाबा रागावले नाहीत. म्हणाले, "जाऊ दे बेटा. खोटं थोडंच लिहिलं तू." आणि उठून बाहेर गेले. तेव्हा मला वाटलं, ते मला धीर देत आहेत.

वकीलबाईंचा पत्ता मला कॉलेजातल्या एका सहकाऱ्याने दिला. अन्नपूर्णा भागात शाळेच्या गणवेशांच्या दुकानावर त्यांची एक खोली होती. साठीच्या आसपासच्या, इंदूरच्याच मराठी, आणि फक्त फौजी लोकांच्या पेन्शनीच्या केसेस घ्यायच्या. मी बाबांना घेऊन गेले. त्यांनी माझं अपील हातात पेन्सिल धरून वाचलं.

"हे कुणी लिहिलंय?"

"मी."

"इंग्रजी छान आहे हो." मग त्या वाक्याखाली त्यांनी रेघ ओढली. "अन् हे लिहायला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. मला वाटलं केस मजबूत होईल."

त्या हसल्या नाहीत. "सगळे फौजी हेच लिहितात. बिमार नव्हतो, बिमार नव्हतो. अन् मागतात काय, तर बिमारीची पेन्शन."

मग त्यांनी एक फाइल उचलून तोंडासमोर धरली, जणू वाचत आहेत, आणि फाइलीआडून सहज आवाजात विचारलं, "हवालदार साहेब, जेवण झालं का?"

बाबा ताठ बसून म्हणाले, "जी, सांवेरहून. पावणेदहाची बस मिळाली."

बाईंनी फाइल खाली ठेवली. मला लाज वाटली. मी त्यांची मुलगी, आणि बाबा ओठ बघून ऐकतात हे मला त्या दिवशी कळलं. घरी आम्ही सगळे त्यांच्याशी समोर उभं राहूनच बोलायचो, ते का, हे कधी मनात आलं नव्हतं. आईने तशी सवय लावली होती.

बाईंची काम करण्याची एक रीत होती. त्या आजाराबद्दल विचारायच्या नाहीत.

"मला कान नका सांगू," त्या बाबांकडे तोंड करून सावकाश म्हणाल्या. "तोफ चालवली असा एकच दिवस सांगा. सकाळी उठल्यापासून. मी मध्ये बोलणार नाही."

बाबांना हे आवडलं. मला त्यांनी असं कधी सांगितलं नव्हतं. मगातला चहा, तोफेची जागा खणणं, जाळी टाकणं, गोळे मोजून लावणं. एका तोफेवर सात माणसं असतात, प्रत्येकाचं काम ठरलेलं. जो त्यांचा प्रमुख, त्याला नंबर एक म्हणतात. बाबा नंबर एक होते, हुद्द्याने त्यांच्या खालोखाल एक नायक.

"कानात काही घालायचात?" बाईंनी आपलाच नियम मोडला.

"बाकीचे घालायचे. कापूस, नाही तर ते प्लग. नंबर एकने नहीं डालना. ऑर्डर कौन सुनेगा फिर?"

बाईंनी हे लिहून घेतलं आणि त्याभोवती गोल केला. बाबा पुढे सांगत राहिले. पहिला गोळा, दुसरा, धूळ, तोंडात माती. मग म्हणाले, "नायकाने हात वर केला, आणि मी फायर दिला."

पेन्सिल थांबली. "नायकाने का हात वर करायचा? ऑर्डर तर तुम्हाला यायची ना, नंबर एकला?"

बाबा खिडकीकडे बघायला लागले. खाली दुकानात कुणीतरी मोज्यांचा भाव करत होतं. मग ते उठले, "बस, हो गया मैडम," म्हणाले आणि जिना उतरून गेले. बसमध्ये ते माझ्या पुढच्या सीटवर बसले, म्हणजे मला त्यांच्याशी बोलता येणार नाही.

चार-पाच दिवसांनी, रविवारी, ते अंगणात मोटरसायकल धूत होते. मी पाणी आणून देत होते. गाडी मध्ये, ते पलीकडे. तेव्हा त्यांनी सांगितलं. तोफेवरच्या शेवटच्या काही वर्षांत त्यांना वायरलेसवरची ऑर्डर नीट ऐकू येत नव्हती. आधी अर्धी, मग जवळजवळ नाही. त्यांच्या तोफेवरच्या नायकाच्या ते लक्षात आलं. तो कुणाला बोलला नाही. बाबांना दिसेल अशा जागी उभा राहायचा आणि ऑर्डर आली की हाताने दाखवायचा. कितीतरी सराव असेच पार पडले.

"मग त्रास नव्हता, हे..."

"तू लिहिलंस तेव्हा मी वाचलं होतं," ते म्हणाले. "सही केली."

"तेव्हाच डॉक्टरकडे का नाही गेलात?"

"गेलो की मेडिकल कॅटेगरी खाली. तोफेवरून काढतात, स्टोअरमध्ये बसवतात. प्रमोशन बंद." त्यांनी फडकं पिळलं. "अन् लोक काय म्हणतात, ते वेगळं."

"काय म्हणतात?"

"बिमार पार्टी."

"कोण म्हणायचं?"

"मीच म्हणायचो."

म्हणायचे त्याच नायकाला. एका हिवाळ्यात नायकाचेही कान वाजायला लागले. तो सरळ डॉक्टरकडे गेला. त्याची कॅटेगरी उतरली आणि त्याला स्टोअरमध्ये टाकलं. बाबांना ऑर्डर दाखवणारा हात गेला. त्यानंतर ते तोफेवर फार दिवस राहू शकले नाहीत, घरच्या अडचणींचं निमित्त सांगून रिक्रूटांच्या ट्रेनिंगवर गेले. पण त्याआधी लंगरमध्ये, म्हणजे जवानांच्या जेवणघरात, सगळ्यांसमोर त्यांनी नायकाला म्हटलं होतं, "आओ बिमार पार्टी, दलिया खाओ." नंतर सगळी बॅटरी, म्हणजे तोफांची सगळी तुकडी, त्याला तेच म्हणायला लागली.

"सात माणसांचा जीव माझ्या कानावर होता," बाबा म्हणाले, "आणि कान नव्हते. हे कागदावर लिहून देऊ?"

मी बाईंकडे एकटी गेले आणि हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाल्या, "भरतीच्या वेळी कान चांगले होते, हे त्यांच्याच कागदात आहे. मग बिघडले कशाने, हे त्यांनी सांगायचं. कायदा आपल्या बाजूला झुकलेला आहे. पण तुमच्या वाक्याने त्यांच्या हातात काठी दिली. ते वाक्य चूक होतं असं शपथेवर सांगावं लागेल. त्रास कधी सुरू झाला ते सांगावं लागेल. अन् ते पाहिलेला माणूस पाहिजे."

"बाबांनी लपवलं म्हणून काही होईल का?"

"आत्ताची पेन्शन जाणार नाही, असं माझं मत आहे. लिहून देऊ शकत नाही. लपवलं असं ते म्हणतीलच. पण मी खोटं लिहीत नाही, अन् अर्धंही लिहीत नाही. त्यांना विचारा."

बाबांनी तीन आठवडे काही उत्तर दिलं नाही. नायक राऊलाच राहतो हे त्यांना माजी सैनिकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून माहीत होतं. एका नव्या कॉलनीत गेटवरच्या गार्डांचा तो प्रमुख होता. मी रोज त्या रस्त्याने जात होते. शेवटी आईच बोलली. भाकरी थापता थापता, बाबांकडे तोंड वळवून, म्हणजे त्यांना दिसावं.

"अहो, एवढी वर्षं तोफेपाशी उभे राहिलात. एका माणसापुढे उभं राहायला काय होतंय?"

रविवारी आम्ही गेलो. नायक गेटजवळच्या केबिनमध्ये होते, कानात यंत्र, मिशा पांढऱ्या. बाबांना बघून उभे राहिले आणि सवयीने टाचा जोडल्या.

"अरे उस्ताद! आओ नी, बैठो. चाय?" ते माळवी वळणाचं हिंदी बोलायचे, आणि फार मोठ्याने. बाबाही मोठ्याने बोलायचे. फाटकातून येणारे-जाणारे वळून बघत होते, त्यांना भांडण चाललंय असं वाटत असावं.

"कान कैसे हैं?" बाबांनी विचारलं.

"मशीन लगी है। सरकारी। पेन्शन में मिली। बिमार पार्टी को सब मिलता है, उस्ताद।"

चहा आला. नायक माझ्याकडे वळून म्हणाले, "बेटा, तेरे पापा ने मेरा नाम रखा था। दस साल चला वो नाम।"

"हाँ, रखा था," बाबा म्हणाले. "गलत रखा था."

"क्या?"

"गलत रखा था!" बाबा ओरडले. एक स्कूटरवाली बाई थांबून पुढे गेली.

नायकांनी यंत्र चाचपलं. मला वाटतं त्यांना पहिल्या वेळीच ऐकू आलं होतं. "तो अब क्या काम है?"

बाबांनी सांगितलं. अडखळत, पण सगळं सांगितलं. एक लेखी जबाब हवा आहे, की उस्तादला ऐकू येत नव्हतं.

नायकांनी कप खाली ठेवला. "मैं लिख दूँगा। पर एक बात है। आप पहले लिखो। ये मत लिखना कि थोड़ा कम सुनाई देता था। पूरा लिखना। आपकी तोप मेरे हाथ पे चलती थी। ये लिखो, फिर मैं लिखूँगा।"

"उसमें मेरी बेइज्जती है," बाबा म्हणाले.

"और मेरी नहीं हुई थी?"

एका गाडीसाठी फाटक उघडायचं होतं, नायक उठले, फाटक उघडलं, नंबर लिहिला, परत आले. बाबांनी तोवर चहा संपवून कप खाली ठेवला होता.

"लिखता हूँ," ते म्हणाले.

"अभी नहीं, वकील के सामने लिखो। मैं भी आऊँगा। छुट्टी मंगल को है मेरी।"

मंगळवारी दोघं अन्नपूर्णाला बाईंच्या खोलीत समोरासमोर बसले. बाबांनी आपल्या हाताने, हिंदीत, गोल शाळकरी अक्षरात दोन पानं लिहिली. मी मदत करायला गेले तर बाई म्हणाल्या, "तुम्ही नका हात लावू." बरोबर होतं. बाबांनी लिहिलं, की नंबर एक असल्यामुळे कानात कापूस घालत नव्हतो. अमुक सरावापासून ऐकू येणं कमी झालं. मी ते सांगितलं नाही कारण तोफ सोडायची नव्हती. माझी तोफ नायकाच्या हातावर चालत होती. पहिल्या अपिलातलं वाक्य चूक आहे, ती सही माझी आहे आणि मी ती जाणून केली होती. मुलीबद्दल, म्हणजे माझ्याबद्दल, एक शब्द नव्हता. मी बाईंना म्हटलं, वाक्य तर माझं आहे. त्या म्हणाल्या, "सही कुणाची आहे?"

दुसरं अपीलही नामंजूर झालं, पण त्यात निदान खरं लिहिलेलं होतं. मग बाईंनी जबलपूरला, फौजी लोकांच्या खटल्यांसाठी जे न्यायाधिकरण आहे तिथे अर्ज केला. तारखा पडत गेल्या. बहुतेक वेळा बाई एकट्याच जायच्या. शेवटच्या तारखेला बाबा आणि मी गेलो.

समोर दोघे बसले होते, एक न्यायाधीश आणि एक निवृत्त फौजी अधिकारी. सरकारी वकिलांनी माझं वाक्य मोठ्याने वाचलं. इतकं स्वच्छ इंग्रजी त्या दिवशी दुसऱ्या कुणाच्या कागदात नसेल. मी मान खाली घातली. ते म्हणाले, या माणसाने आधी एक सांगितलं, मग दुसरं, आणि आता स्वतःच म्हणतो की लपवलं. बाई उठल्या. त्यांनी भरतीच्या वेळचा कागद दाखवला, कापसाची गोष्ट सांगितली, दोन्ही जबाब दाखवले. म्हणाल्या, ज्या माणसाला फक्त फायदा हवा असता त्याने स्वतःविरुद्ध एवढं लिहिलं नसतं.

निवृत्त अधिकारी बाबांकडे बघून म्हणाले, "हवालदार, बीमार रिपोर्ट क्यों नहीं किया?"

ते समोरून बोलले म्हणून बाबांना कळलं. ते उभे राहिले. मला वाटलं, आता काहीतरी शौर्याचं बोलतील, आमच्या घरात बोलतात तसं.

"डर था, साब," ते म्हणाले, आणि बसले.

निकाल काही आठवड्यांनी आला. बाईंनी मोबाइलवर पाठवला. मी कॉलेजात होते. घरी जाऊन वाचेन म्हटलं, पण राहवलं नाही, बसमध्येच वाचला. अपंगत्व सेवेमुळे आलं असं मान्य केलं होतं. मागची थकबाकी सगळी नाही, अर्जाच्या आधीच्या काही वर्षांचीच, पण पुढे नियमित. कागद खरोखर हलायला त्यानंतरही बरेच महिने गेले आणि बाईंना आणखी दोन पत्रं पाठवावी लागली, ते इथे सांगत बसत नाही.

घरी मी बाबांच्या समोर खुर्ची घेऊन बसले आणि शेवटचा परिच्छेद मराठीत सांगितला. आई दाराशी उभी होती, ती डोळे पुसायला लागली. बाबांनी मान हलवली.

"त्याचं काय लिहिलंय?" त्यांनी विचारलं.

मी मागे जाऊन शोधलं. एका परिच्छेदात होतं. त्याच तोफेवर काम केलेल्या नायकाचा जबाब विश्वासार्ह वाटतो. अर्जदाराला आदेश ऐकू येत नव्हते आणि तो नायक हाताच्या खुणेने ते पोहोचवत होता, यावर अविश्वास ठेवण्याचं कारण नाही.

"पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं, सावकाश.

"याचं हिंदी करून दे. टाइप करून. एवढंच, बाकीचं नको." त्यांनी घड्याळात बघितलं. "मंगळवार कधी आहे?"

"तीन दिवसांनी."

"त्याची सुटी असते," बाबा म्हणाले. मग थोडा विचार करून म्हणाले, "नको. उद्याच जाऊ. गेटवर असेल तेव्हा. सगळे गार्ड असतात तिथे."